हादऱ्याचा हिशेब

गेल्या महिन्यात संकष्टीला आम्ही दोघं वर्ध्याहून केळझरच्या गणपतीला गेलो होतो. परतीच्या वाटेवर सेलूला चहासाठी थांबायचं, हा आमचा जुना शिरस्ता. बँकेच्या नोकरीत या गावात मी चार वर्षं काढली, १९९२ ते १९९६. तेव्हाचं सेलू म्हणजे केळीच्या बागा, कापसाचे जिनिंग आणि नागपूर-वर्धा रस्त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या. बागा आता पुष्कळ कमी झाल्या, रस्ता चौपदरी झाला. जुन्या रस्त्याकडेचं एखादं गॅरेज मात्र अजून तसंच आहे. ऑइलनं काळी पडलेली जमीन, कडुनिंबाखाली टाकलेलं कुठल्याशा बसचं फाटकं सीट आणि माठावर पालथा घातलेला ग्लास.

अशाच एका गॅरेजात गिट्टी वाहणारा दहाचाकी ट्रक उभा होता. विशीतला ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसलेला आणि मिस्त्री पुढच्या चाकामागे अर्धा आत शिरलेला. त्याच्या हातात पाना नव्हता, हातोडी नव्हती. त्यानं नुसता तळहात आत घालून एका नळकांड्यावर ठेवला, आपण तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग बाहेर येऊन, वळसा घालून, तसाच दुसऱ्या बाजूच्या नळकांड्यावर ठेवला. म्हणाला, "डावा मेला हाय. उजवाही जाऊन राहिला."

"कशावरून?" ड्रायव्हरनं विचारलं.

"थंडा हाय ना बावा. एवढ्या दुरून भरून आणली तू गाडी, त्याले गरम नाई व्हावं?"

चहाचा कप हातात धरून मी तसाच उभा राहिलो. हेच वाक्य याच गावात मी तीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ समजून घ्यावा अशी मला गरज वाटली नव्हती.

त्या नळकांड्याला इंग्रजीत शॉक अब्सॉर्बर म्हणतात आणि सगळा ट्रकधंदा त्याला शॉकप म्हणतो. नाव फसवं आहे. नावावरून वाटतं की खड्ड्याचा धक्का हे नळकांडं पोटात घेतं. तसं नाही. धक्का घेतात ते पाटे. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून केलेली ती कमान. गाडीचं आणि मालाचं वजनही तेच पेलतात. पण पाट्यांचा एक स्वभाव आहे. दाबले की ते उसळतात, उसळले की पुन्हा दबतात. झोपाळ्याला एकदा पायानं रेटा द्यावा आणि मग तो कितीतरी वेळ हलत राहावा, तसं. ही उसळी थांबवणं हे शॉकपचं काम. त्याच्या पोटात तेल असतं, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला त्या बारीक भोकांतून जबरीनं वाट काढावी लागते आणि झोपाळ्याचा सगळा जोर त्या तेलात जिरून त्याची उष्णता होते. शॉकप धक्का खात नाही, धक्क्याची आठवण खातो. म्हणून धावून आलेल्या गाडीचा शॉकप गरम लागला पाहिजे. सील फाटून तेल गळून गेलं, बाहेरून धुळीचा चिखल बसला, की दट्ट्या आत रिकामाच वरखाली होतो. मग नळकांडं थंड राहतं. मिस्त्रीचा तळहात हे कुठल्याही पुस्तकावाचून ओळखतो.

आता यातली अडचण अशी की शॉकप मेला तरी गाडी चालते. बॅटरी उतरली तर गाडी सुरू होत नाही, टायर फुटला तर पुढे जात नाही, क्लच गेला तर जागची हलत नाही. या सगळ्यांना आपला हट्ट चालवता येतो. शॉकपला तो नाही. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यातही थोडी उसळी जिरते. त्या भरवशावर मालक म्हणतो, पाटे आहेत ना मजबूत, मग झालं. त्या काळच्या आपल्याकडच्या बऱ्याच जड ट्रकांना शॉकप फक्त पुढच्या एक्सललाच असायचे, मागे नुसते पाटे. म्हणजे उभ्या गाडीत मिळून दोन. त्या दोघांनी संप केला तरी कुणाला कळू नये, इतके ते गरीब.

गाडी चालते, पण तिचा खर्च कुणीतरी दुसराच भरत असतो. माझं सांगणं आहे ते याबद्दल.

१९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर ज्या मंडळींना अग्रक्रमानं कर्ज द्यायचं ठरलं, त्यांत शेतकरी आणि लघुउद्योजकांबरोबर छोटे वाहतूकदारही होते. एक गाडी, तिचाच मालक, तोच ड्रायव्हर. योजना चांगलीच होती, तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्याच्या गाडीवर वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस तिच्यामुळे स्वतःच्या गाडीचा मालक झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९३ साली असाच एक माणूस माझ्या टेबलासमोर येऊन बसला. चाळिशी जवळ आलेली. दहाव्या-अकराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला. स्वतःचे पैसे उभे करण्यासाठी बायकोची पाटली मोडली होती, मेव्हण्याकडून उसने घेतले होते. बोलणं मोजकं. प्रस्तावाचा कागद त्यानं कुणाकडून तरी नीट लिहून आणला होता आणि त्यात जमा-खर्चाचे आकडे होते. डिझेल, टोलनाके, क्लीनरचा पगार, विमा, टायर. आणि एक ओळ होती: 'दुरुस्ती व देखभाल, दरमहा रु. २५००'.

तेव्हा व्याजाचा दर सोळा-सतरा टक्के होता. महिन्याचा हप्ता जवळजवळ नऊ हजार येत होता. आमच्या कागदावर एक गुणोत्तर काढावं लागे, हातात उरणारी रक्कम भागिले हप्ता. ते दीडच्या वर गेलं तर प्रस्ताव मंजुरीला लायक. त्याचं एक पूर्णांक तीन की चारच्या आसपास अडकलं होतं. हे कुठे बसवावं म्हणून मी आकड्यांवरून पेन्सिल फिरवली. डिझेल कमी करता येत नव्हतं, विमा तर नाहीच नाही. टायरचा खर्च कमी दाखवला तर वरचे साहेब पकडतात. उरली ती ओळ. अडीच हजारांचे मी बाराशे केले. भाड्याची मासिक जमा जराशी वर ओढली. गुणोत्तर दीडच्या वर गेलं. मंजुरी आली, पेढे वाटले गेले, गाडीच्या पाठीवर बँकेचं नाव रंगवलं गेलं.

त्यानं मला विचारलं होतं, "साहेब, बाराशात होते का जी?" मी म्हणालो, "अहो, हे कागदावरचं आहे. प्रत्यक्षात तुम्ही तुमचं पाहून घ्या." हे वाक्य बँकेत दिवसातून चार वेळा उच्चारलं जायचं. त्याचा खरा अर्थ असा की कागद माझा आणि प्रत्यक्ष तुमचं.

मजा पाहा. त्याच कागदावर घसारा नावाची एक भारदस्त बाब होती. भाड्याने चालणाऱ्या ट्रकवर आयकराच्या नियमानं आजही दरवर्षी तीस टक्के घसारा धरता येतो. गाडीची किंमत कागदावर किती वेगानं उतरते याची सरकारला काळजी आहे. पण प्रत्यक्ष झीज कुठे होते, पाट्याच्या बुशात, शॉकपच्या सीलमध्ये, की ते चाक धरून बसलेल्या माणसाच्या मणक्यात, ही ओळ आमच्या कुठल्याच नमुन्यात नव्हती.

तो माणूस हप्ता चुकवत नसे. सेलूहून कापसाच्या गाठी घेऊन जायचा, येताना चंद्रपूरच्या बाजूनं सिमेंट भरायचा. बैठकांमध्ये मी त्याचं खातं दाखवून शेखी मिरवायचो. त्या वर्षांत आम्हा बँकवाल्यांच्या डोक्यावर नव्या नियमांची टांगती तलवार होती. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर अनुत्पादक कर्जाचे निकष आले. मार्च १९९३ ला चार तिमाह्या थकलेलं खातं, मार्च १९९४ ला तीन, मार्च १९९५ पासून दोन. दरवर्षी फास एकेक तिमाहीनं आवळत गेला. नियम योग्यच होते. त्याआधी बँका न आलेलं व्याजही नफ्यात धरून बसत होत्या. पण शाखेत त्याचा अनुवाद एकाच वाक्यात झाला, हप्ता आला पाहिजे.

१९९५ च्या फेब्रुवारीत मी त्याच्या गाडीच्या तपासणीला गेलो. तपासणी म्हणजे काय, चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा आणि शेरा लिहायचा: 'वाहन सुस्थितीत आढळले'. गाडी नेमकी याच रस्त्यावरच्या गॅरेजात उभी होती. मी ठसा घेत होतो तेव्हा तिथला म्हातारा मिस्त्री आत हात घालून म्हणाला, "दोन्ही थंडे हाय. दीड वर्षापासून सांगून राहिलो याले."

मी विचारलं, "गाडी चालते ना?"

"चालते जी," मालक म्हणाला.

"मग झालं."

परतताना त्यानं मला सेलूच्या चौकापर्यंत गाडीतून सोडलं. आमच्या बाजूची जमीन काळी. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्या पाठीवर टाकलेला रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. डांबर कितीही नवं असो. त्या लाटांवरून ती गाडी होडीसारखी डोलत चालली होती. प्रत्येक उंचवट्यानंतर केबिन तीन-चार वेळा मान हलवायची. मला पाच मिनिटांत मळमळायला लागलं. त्यानं कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट गुंडाळला होता. मला वाटलं, थंडीसाठी असेल. फेब्रुवारी होता.

चौकात उतरताना तो म्हणाला, "साहेब, या महिन्याचा हप्ता अर्धा भरला तं चालते का जी? शॉकपची जोडी टाकतो म्हणतो."

मी म्हणालो, "मार्च तोंडावर आहे."

अर्ध्या हप्त्यानं ते खातं थकीत होणार नव्हतं. दोन तिमाह्यांचा नियम मला पाठ होता, आणि त्याच्या पाठीमागे दीड वर्षाचा स्वच्छ व्यवहार होता. मी हो म्हटलं असतं तर कुणी मला जाब विचारला नसता. पण नाही म्हणणं ही तेव्हा सवय झाली होती आणि सवयीला कारण लागत नाही. त्यानं पूर्ण हप्ता भरला.

खरं सांगायचं तर मी १९९६ मध्ये बदलून गेलो आणि हे सगळं विसरलो. २००१ साली वर्ध्याला एका लग्नात गेलो असताना मांडवाबाहेरच्या पानठेल्यावरून हाक आली. तोच. कर्ज १९९७ मध्ये फिटलं होतं, बँकेचं फेडीचं पत्र त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. गाडी त्यानंतर दोनच वर्षांत विकली. मणक्यातली गादी सरकली, ड्रायव्हिंग बंद. "उभं राहिलं तं बरं वाटते, बसलं का पायात कळ येते," म्हणाला. म्हणून पानठेला. त्याच्यामागे स्टूल नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "तुमच्यामुळे गाडी झाली जी, साहेब." आणि पानाचे पैसे घेईना.

दोन थंड शॉकपमुळे त्याचा मणका गेला, असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं तो तसल्याच गाड्यांवर बसला होता, पोती वाहिली होती. कुठलाही डॉक्टर एका कारणावर बोट ठेवणार नाही. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या हादऱ्याला सर्वांत जास्त साथ देतं, म्हणजे त्या तालावर धड आपोआप जोरानं हलायला लागतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. आणि ट्रकची केबिन त्या तालाच्या आसपासचे हादरे भरपूर पुरवते. एवढं मला पुढे वाचनातून कळलं. बाकीचं मला कळायला वाचनाची गरज नव्हती. बाराशे रुपये माझ्या अक्षरात होते.

कादंबरीकाराचा एक गुन्हाही इथे कबूल करून टाकतो. हा माणूस मी पुढे एका कादंबरीत घातला. तिथे मी त्याला घाटात मारला. ब्रेक लागत नाही, गाडी दरीत जाते, टाहो वगैरे. एका परीक्षणकर्त्यानं त्या प्रकरणाला 'हृदय पिळवटून टाकणारं' म्हटलं. प्रत्यक्षातला माणूस त्या वेळी वर्ध्याला पानठेल्यावर उभा होता. त्याचं सावकाश झिजणं मला कथानकात बसवता आलं नाही, म्हणून मी दरी आणली. बँकेच्या नमुन्यात झिजेला ओळ नव्हती, म्हणून मी स्वतःला दोष देतो. पण मग कादंबरीत तरी मी ती कुठे दिली?

केळझरला लोक सांगतात की महाभारतातली एकचक्रनगरी ती हीच. बकासुर इथे होता. गावानं त्याला पाळीपाळीनं गाडाभर अन्न पाठवायचं, गाडीला दोन रेडे जुंपायचे. बकासुर अन्न खायचा, रेडे खायचा आणि शेवटी गाडी हाकणाऱ्यालाही खायचा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आमचं सगळं लक्ष भीमाकडे. आता मंदिराच्या पायऱ्या उतरताना मला त्या गाडीवानाचं नवल वाटतं. माल पोचवायचा आणि मालाबरोबर स्वतः जमा व्हायचं, असला करार गावानं इतकी वर्षं निमूट पाळला कसा?

माझ्या जुन्या सहकाऱ्यांपुढे मी हा विषय काढतो तेव्हा ते हसतात. म्हणतात, दुरुस्तीसाठी जास्त पैसे सोडले असते तर कर्जदारानं ते लग्नात घातले असते. असतील घातले काहींनी. पण विम्याचं काय करत होतो आपण? विम्याचा हप्ता कर्जदाराच्या मर्जीवर कधी सोडला नाही. मुदत संपायच्या आत बँकच खात्यात नावे टाकून पॉलिसी नूतन करून घेत असे, कारण गाडी जळली तर बुडणार होती ती बँक. शॉकप मेला तर बँकेचं काही बुडत नाही. उलट तेवढे पैसे हप्त्याला उपलब्ध राहतात. फरक एवढाच आहे. तो व्यवहारचातुर्याचा नाही.

आणि हप्त्याला वाकवणं आम्हाला येत नव्हतं असंही नाही. पीककर्जाची परतफेड हंगाम पाहूनच ठरवायची, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो होतो; कापूस घरात यायच्या आधी शेतकऱ्याच्या दारात उभं राहण्यात अर्थ नसतो. ट्रकलाही हंगाम असतो. पावसाळा संपतो, रस्त्यांची चाळण झालेली असते, शॉकप, बुश, पाटे यांचं मरण तेव्हाच समजतं आणि लगेच कापसाचा मोसम समोर असतो. वर्षाचे अकराच हप्ते ठेवावेत आणि तो एक महिना गाडीला द्यावा. कर्जदाराच्या हातात नव्हे, विम्यासारखा थेट, बिल पाहून. गाडीचं कर्ज चार वर्षांऐवजी सव्वाचार-साडेचार वर्षं चालेल. व्याज थोडं वाढेल, तेही मी नाकारत नाही. पण ते व्याज टायरांच्या बचतीतून निघेल असं कुठलाही मिस्त्री सांगेल. उसळत्या चाकाचा टायर सरळ झिजत नाही, त्यावर थोड्या-थोड्या अंतरानं चट्टे पडतात, बशीसारखे. त्या दहाचाकीच्या पुढच्या टायरवरून मी हात फिरवला तेव्हा ते चट्टे डोळे मिटूनही मोजता येत होते.

सेलू तालुक्यातच येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढायची वाट आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही, आणि ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीट रस्ता मिळाला. त्यावर अपघात व्हायला लागल्यावर २०२३ मध्ये परिवहन खात्यानं वाहनांचे टायर तपासायची मोहीम घेतली. स्वागतच आहे. टायर दिसतो, त्याची नक्षी मोजता येते. त्याला चट्टे पाडणारा आत असतो, तिथे तपासणाऱ्याचा हात पोचत नाही. आणि उसळणारं चाक म्हणजे ज्याचा रस्त्यावरचा भार क्षणोक्षणी बदलतो असं चाक. ते अधांतरी हलकं असतानाच ब्रेक दाबला गेला तर गाडी थांबायला जास्त जागा घेते. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

रस्त्याचंही तेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटावा नावाच्या गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. तेव्हा दिसलं की एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पटीच्या घरात जातं. आपल्याकडे २०१८ च्या जुलैमध्ये दोन एक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. मालवाहतूक स्वस्त व्हावी हा हेतू समजतो. पण मेलेल्या शॉकपचा ट्रक उसळून खाली येतो त्या क्षणी तो रस्त्यावर आपल्या वजनाहून अधिक वजनानं आदळत असतो. तो रस्ता खणतो, खणलेला रस्ता पुढच्या गाडीचे शॉकप मारतो. हा व्यवहार कुठल्याच खात्याच्या वहीत नाही, त्यामुळे तो सुरळीत चालू आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्यानं गाडी हाकली असेल त्यालाच त्याची किंमत कळेल, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ही सोय नव्या गाड्यांना. आठ वर्षांची झालेली गाडी दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्राला जाते. तिथे नेमकं काय पाहिलं जातं आणि काय पाहिलं म्हणून लिहिलं जातं, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. 'वाहन सुस्थितीत आढळले' हे माझ्याही अक्षरात पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल.

त्या दिवशी गॅरेजात मग असं झालं की ड्रायव्हरनं मालकाला फोन लावला. मालक नागपूरला. फोन स्पीकरवर होता म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. मालकाचं म्हणणं, मेला तो एक बदला, दुसरा दिवाळीनंतर पाहू. मिस्त्रीनं फोन हातात घेतला.

"एक नाई टाकत जी मी. एका बाजूनं नवा, एका बाजूनं मेलेला, गाडी ब्रेकात एकीकडे ओढन. जोडीच बदलत असते. नसन जमत तं घेऊन जाऊ द्या पोराले तशीच."

पलीकडे शांतता. मग "पाहतो" म्हणून फोन बंद.

पोरगा बसच्या सीटवर जाऊन आडवा झाला. मिस्त्री माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही बँकेतले साहेब ना? बाबा सांगे तुमचं." तेव्हा मला कळलं की त्या म्हाताऱ्याचा हा मुलगा, मी ठसा घेत होतो तेव्हा हा पोरगेला, बाजूला बसून बुशांना रॉकेलनं धूत होता. म्हाताऱ्यानं माझ्याबद्दल काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

गाडीतून सौ.नी दोनदा हॉर्न वाजवला. मी हातानं थांब म्हणालो.

पाऊण तासानं पैसे आले, फोनवरच. एक पोऱ्या वर्ध्याहून जोडी घेऊन येईस्तोवर आणखी तास गेला. दरम्यान मिस्त्रीनं चाकांमागे दगड लावले, गाडी जॅकवर घेतली, गंजलेल्या नटांवर डिझेल ओतलं. डावीकडचा खालचा नट काही केल्या हलेना. पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघं लोंबकळले, शेवटी छिन्नीनं कापावा लागला. नवे शॉकप खोक्यातून निघाले तेव्हा त्यानं प्रत्येक उभा धरून पाच-सहा वेळा सावकाश दाबला, पूर्ण ओढला, पुन्हा दाबला. आत अडकलेली हवा निघून तेल जागेवर बसावं म्हणून. मग रबरी बुश, वॉशर, नट. आधी सैल, गाडी चाकांवर उतरवून वजन बसल्यावर मग पक्के. "अधांतरी कसले तं बुश पिरगळते," तो म्हणाला. जुनी दोन नळकांडी बाजूला पडली होती. पोरानं एक उचलून हलवलं. आत खुळखुळ वाजलं.

पैसे मीच देऊन टाकावेत असा विचार मधल्या पाऊण तासात माझ्या मनात आला नाही असं नाही. दिले नाहीत. त्या पोराचा मालक मी नव्हतो, आणि ज्याचं देणं होतं त्यानं पानाचेसुद्धा पैसे घेतले नव्हते.

पोरगा गाडी घेऊन केळझरच्या दिशेनं फेरी मारायला गेला. भरलेली गाडी, तिला वळून परत यायला अर्धा तास लागला. उतरला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, स्टिअरिंग हलकं लागून राहिलं हो."

मिस्त्री काही न बोलता आत शिरला, डावीकडे हात लावला, उजवीकडे लावला आणि मला खूण केली. गुडघे आता वाकत नाहीत, तरी मी खाली बसलो, चाकाला धरून आत हात घातला. कोमट होता. दुसरा त्याहून थोडा जास्त.

घरी पोचेपर्यंत माझा हात काळाच होता. सौ. म्हणाली, प्रसादाच्या नारळाला लावू नका.